अर्ध्या ग्रॅमची उसण

पाच किलोची एअर रायफल उचलताना माझ्या पाठीनं कधी तक्रार केली नाही. रेंजवर फरशीवर पडलेला एक छर्रा उचलायला वाकलो, आणि उसण भरली. छर्ऱ्याचं वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. कुणी विचारलं तर ‘नेमबाजी करताना’ एवढंच सांगायचं, असं मी घरी बजावलं होतं. बायकोनं मांजलपूरच्या आमच्या सोसायटीत सगळ्यांना छर्ऱ्यासकट सांगितलं.

फिजिओथेरपीवाली मुलगी म्हणाली, “काका, वांका नहीं वळवानुं.” बडोद्याच्या मराठी माणसाला गुजराती कळायला अडचण नाही. पण आम्हाला शिकवण ‘मोडेन पण वाकणार नाही’ची. मी त्या दिवशी आधी वाकलो, मग मोडलो. आजोबा असते तर त्यांनी दांडिया बाजारातल्या जुम्मादादा व्यायाम मंदिराच्या गोष्टी ऐकवल्या असत्या. तिथले प्रोफेसर माणिकराव पहिलवानही घडवत आणि हाडंही बसवत.

खरं तर उभ्यानं नेम धरणं हे पाठीशी उघड वैरच. डावं कंबरेचं हाड लक्ष्याकडे काढायचं, त्यावर कोपर टेकवायचं आणि रायफलचं वजन तोलायला कंबरेतून मागे झुकून थोडं वळायचं. असं तासन्‌तास. अभिनव बिंद्रा 2006 मध्ये जगज्जेता झाला आणि त्याच वर्षी पाठीच्या दुखण्यानं दोहाच्या आशियाई स्पर्धेला मुकला. ऑलिंपिक सुवर्ण 2008 मध्ये आलं. ही तुलना मी घरी एकदाच केली.

प्रशिक्षकानं माझ्याऐवजी बंदुकीला वाकवलं. खांद्याला टेकणारी बट प्लेट खाली सरकवली, त्यामुळे रायफल वर आली आणि मान झुकवायची गरज उरली नाही. मागचा झोक कमी केला. दोन नेमांच्या मध्ये रायफल स्टँडवर. छर्ऱ्यांची डबी कंबरेच्या उंचीच्या स्टुलावर. तरीही दुखलं, तर खुर्ची. खुर्ची ऐकून मी जरा हिरमुसलो, तेव्हा तो म्हणाला, अवनी लेखराचा प्रकार आठवा. दहा मीटर एअर रायफल ‘स्टँडिंग’. टोकियो आणि पॅरिस, दोन्ही पॅरालिंपिकमध्ये तिनं या ‘उभ्या’ प्रकारात सुवर्ण मिळवलं, व्हीलचेअरवर बसून.

मग त्यानं मला जुनाच धडा नव्यानं दिला. नेम धरायचा, डोळे मिटायचे, श्वास सोडून अंग सैल करायचं आणि डोळे उघडायचे. नळी बाजूला गेलेली दिसली तर हातानं ओढून आणायची नाही. पाय सरकवून आख्खं अंग वळवायचं. ओढून आणलेली बंदूक चाप दाबताना आपल्या मूळ जागी परत जाते, आणि ओढायची मेहनत पाठीच्या वाट्याला येते. मी चाळीस वर्षं ऑफिसात, घरात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये सगळ्यांच्या नळ्या हातानं ओढत होतो. पाय सरकवायचं कधी सुचलं नाही.

दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. तो अजून मला लाजतो. परवा पुन्हा एक छर्रा खाली पडला. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मी पाठ सरळ ठेवली, गुडघे मुडपून उकिडवा बसलो आणि तो उचलला. वर उठायला मात्र शेजारच्या लेनमधल्या शाळकरी पोराचा हात लागला. तोही मागितला, न लाजता.