आश्वासन मिळवा! नवख्या ताईंसाठी संपाचे सोपे धडे

ताई, अभिनंदन. अंगणवाडीची चावी आणि वजनकाटा ताब्यात घेतलात, म्हणजे आज ना उद्या संपावर जाणार हे ठरलेलेच. अनुभव नाही म्हणून घाबरू नका. पुढच्या पायऱ्या निमूट चढलात, तर एक दिवस तुमच्याही पदरात आश्वासन पडेल.

१. आपण कोण, ते आधी पाठ करा

'नोकरीला लागले' असे चारचौघांत म्हणू नका. तुम्ही मानसेवी आहात. तुम्हाला पगार नसतो, मानधन असते, आणि मान कधी वाढवून मागतात का? दिवाळीला बोनस नाही, 'भाऊबीज भेट' आहे, दोन हजार रुपये. ओवाळणी मोजून घेणारी बहीण चांगल्या घरातली वाटत नाही, एवढे भान ठेवा.

संपावर गेलात की मात्र तुमची पत एकदम वाढते. मार्च २०१८ मध्ये सरकारने अंगणवाडी सेविकांना मेस्मा हा संपबंदीचा कायदा लावला होता. काल मानसेवी होत्या, आज अत्यावश्यक सेवा! विधिमंडळात गदारोळ झाला आणि मेस्माला स्थगिती मिळाली. एवढी बढती सरकारी नोकरीत कुणाला मिळते?

एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्रॅच्युइटीचा कायदा तुम्हाला लागू होतो असे सांगितले. त्या निकालाची झेरॉक्स लॅमिनेट करून घ्या. पुढच्या वर्षी ४ डिसेंबरला राज्यभरच्या ताया संपावर गेल्या, तेव्हा मागण्यांमध्ये ग्रॅच्युइटी होतीच. लॅमिनेशन टिकते.

२. मागणी कुणाकडे करायची, हे शोधत बसू नका

अंगणवाड्या चालतात त्या एकात्मिक बालविकास योजनेची तरतूद २०१५-१६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात सुमारे १८ हजार कोटींवरून साधारण ८ हजार कोटींवर आली. याला कपात म्हणायचे नसते. राज्यांना करातला वाटा वाढवून दिला, आता राज्यांनी बघावे, असा तो हिशेब. तेव्हापासून केंद्र राज्याकडे बोट दाखवते आणि राज्य केंद्राकडे. तुम्ही बरोबर मध्ये उभ्या राहा, दोन्ही बोटे छान दिसतात.

३. गाव सोबत घ्या

हा धडा सगळ्यात गोड. पालकसभा बोलवा. पंचवीस निरोप धाडलेत तर सात बाया येतील. योजनेला पैसे कमी पडले तर पोरांच्या ताटातले काय काय जाईल, ते पोटतिडकीने सांगा. शेवटी 'काही शंका?' असे विचारा. एक हात वर होईल. 'ताई, लाडक्या बहिणीचे माझे पैसे का अडकले?' रागवू नका. त्या योजनेचा फॉर्म तुम्हीच भरला होता, पन्नास रुपयांच्या बोलीवर. तुमचे पन्नास कुठे अडकले, हे त्या सभेत विचारायचे नसते.

दुसरी म्हणेल, 'संप लवकर मिटवा बाई, पोरगं दिवसभर घरात डोकं खातंय.' हे लगेच वहीत लिहून घ्या. तुमच्या कामाची एवढी खरी पावती कुठल्याच तपासणी अहवालात मिळणार नाही.

सरपंचांचे पाठिंब्याचे पत्र हवेच. ते लेटरहेडवर, शिक्क्यासकट देतील, चहाही पाजतील. मग दोन दिवसांनी वरून फोन आला म्हणून अंगणवाडीची चावी मागायला तेच येतील. त्यांना चहा तुम्ही पाजा. चावी सापडत नाही म्हणा.

४. मोबाइल परत करा

ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यातल्या सेविकांनी सरकारी मोबाइल ढिगाने परत केले. माहिती भरता भरता फोन तापायचा, बंद पडायचा, आणि पोषणाचे ॲप इंग्रजीत. फोन परत देताना पोच मात्र घ्या, नाहीतर हरवला म्हणून भरून द्यावा लागेल.

५. राजधानीला जा

मुंबईत असाल तर आझाद मैदान. मंत्रालय तिथून पायी अर्ध्या तासावरही नाही, पण मोर्चाच्या पायांनी अजून पोचायचे आहे. हिवाळी अधिवेशन असेल तर नागपूर. तिथे टेकडी रोड किंवा मॉरिस कॉलेजचा टी-पॉइंट, पुढे बॅरिकेड. विधानभवन दिसत नाही म्हणून हिरमुसू नका. विधानभवनालाही तुम्ही दिसत नाही.

सोबत शाल, भाकरी-चटणी, बीपीची गोळी आणि सतरंजी घ्या. पाणी बेताने प्या, कारण हजारो बायांना मोजून चार फिरती शौचालये असतात. घोषणा मनापासून द्या. 'कोण म्हणतं देत नाय' म्हणताना बंदोबस्तावरची पोलीस ताई ओठांत हसेल. तिचे पोरही कुठल्यातरी अंगणवाडीत बसलेले असते.

मधल्या काळात कामावरून काढण्याची नोटीस येईल. जे लागलेच नाहीत त्यांना काढतात कसे, हा प्रश्न हुशार आहे; पण नोटिशीच्या खुलाशात लिहू नका.

६. शिष्टमंडळात घुसा

आत पाच जणी जातात. साहेब उठून नमस्कार करतील. 'शासन सकारात्मक आहे,' असे म्हणतील. हा शब्द ऐकू आला की टाळ्या नकोत, तारीख विचारा. तारीख विचारली की बिस्किटे येतात. फाइल वित्त विभागात आहे असे कळेल. आणि वित्त विभाग कुठल्या मजल्यावर, हे विचारले की बैठक संपते. तोंडी आश्वासन म्हणजे कच्चा माल. लेखी मिळाले तर बरे. 'बैठकीच्या इतिवृत्तात घेतो' म्हणाले तर पेन काढा आणि तिथेच बसून राहा.

२०२३ चा तो संप ५२ दिवस चालला. तेवढा दम लागतो, आणि तेवढ्या दिवसांचे किराणा दुकानदाराशी गोड संबंध लागतात.

७. परत या

कुलूप उघडा, जाळी काढा, काटा शून्यावर आणा. रजिस्टरातले राहिलेले रकाने पर्यवेक्षिकाबाई परवापर्यंत मागतील. रात्री पोरे झोपली की निवेदनाचा जुना कागद काढा आणि वर एक मागणी वाढवा: संपाच्या काळातले कापलेले मानधन मिळावे.