दानिएल मनोऱ्यावरच्या जागल्यास केनवडच्या पाराचं खुलं पत्र

प्रति,
रा. रा. जागले साहेब,
दानिएल मनोरा, संत गेओर्ग चर्च, मु. पो. नोर्डलिंगन, प्रांत बव्हेरिया, जर्मनी.

स. न. वि. वि.

केनवड, तालुका रिसोड, जिल्हा वाशीम इथल्या पारावर रोज संध्याकाळी बसणाऱ्या मंडळींनी एकमतानं, म्हणजे दोघांचा विरोध डावलून, हे पत्र आपणास धाडायचं ठरवलं आहे. विषय: आपल्या गावानं या पंचक्रोशीतल्या चार पोरांना लावलेला नाद. ही पोरं पाठीवर सॅक अडकवून आपल्याकडे खड्डा बघायला आली होती. खड्डा त्यांना दिसला नाही. तरीही ती खुशीत परतली आणि आता पारावर दुसरा विषय निघू देत नाहीत. याचा जाब कुणाला तरी विचारलाच पाहिजे. नगराध्यक्षांना लिहावं तर ते निवडणुकीपुरते. गावात जागं असणं हेच ज्याचं काम, असा माणूस आपणच.

हकीकत अशी. चौघांपैकी एक स्टुटगार्टात शिकतो. स्टुटगार्ट आणि मुंबई या १९६८ सालापासूनच्या मैत्रनगरी. त्यात फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं स्टुटगार्ट ज्याची राजधानी आहे त्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला, पहिल्या टप्प्यात दहा हजार तरुण. तेव्हापासून सोयाबीनचा भाव, तुरीवरची अळी आणि जर्मनी हे तिन्ही विषय पारावर एकाच दमात निघतात. उरलेल्या तिघांनी नुसतं फिरून येण्यासाठी व्हिसाचा अर्ज केला. फी ९० युरो. निदान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा. शिवाय परत येणार असल्याचा भरवशाचा पुरावा. एकानं सातबारा जोडला. त्यावर विहिरीची नोंद होती आणि खाली बँकेचा बोजा. परत येण्याला याहून भक्कम कारण कोणत्या वकिलातीला हवं?

सॅकमध्ये काय होतं तेही कळवणं भाग आहे, कारण त्याचा वास बहुधा आपल्या मनोऱ्यापर्यंत आला असेल. कुरड्या, शेंगदाण्याची चटणी, बेसन, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेचा, आणि एकाच्या आईनं बळंच कोंबलेली ॲल्युमिनियमची छोटी कढई. पहिल्याच रात्री हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात त्यांनी ही कढई काचेच्या काळ्या शेगडीवर ठेवली. शेगडीनं टुक टुक आवाज केला, आकडा लुकलुकला आणि सगळं विझलं. तेल थंडच. पुन्हा ठेवली, पुन्हा टुक टुक. शेगडी इंडक्शनची होती. तिला लोहचुंबक चिकटेल असं भांडं लागतं, ॲल्युमिनियमला ती ओळखच देत नाही. शेवटी शेजारच्या टेबलावरच्या एका पोरीनं आपलं पातेलं दिलं आणि त्यात पिठलं झालं. तिनंही चाखलं म्हणतात. पुढं ती बराच वेळ पाणी पीत होती, एवढंच पाराला कळलं आहे.

हॉस्टेल हा प्रकार मूळचा आपल्याच मुलखातला, हे त्या पोरांनीच सांगितलं. रिशार्ड शिरमान नावाचे एक शाळामास्तर १९०९च्या ऑगस्टमध्ये मुलांना घेऊन पायी सहलीला निघाले, वाटेत वादळानं गाठलं आणि रात्र एका शाळेत काढावी लागली. सुटीत शाळा रिकाम्याच असतात, मग चालणाऱ्या पोरांना त्या का देऊ नयेत, हा विचार त्यांच्या डोक्यात त्या रात्री आला. १९१२ मध्ये आल्टेनाच्या गढीत जगातलं पहिलं कायमचं युवा वसतिगृह सुरू झालं. पारावरच्या एका म्हाताऱ्यानं हे ऐकून तंबाखू मळता मळता एवढंच विचारलं, “शाळेत मुक्काम? त्यात काय नवं हाय?” त्याचंही खरं आहे. शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखी रिसोडवरून पंढरपूरला जाते, परतताना लोणारवरून येते. वारकऱ्याच्या खांद्यावर पडशी, मुक्काम मिळेल त्या शाळेच्या, देवळाच्या ओसरीवर, सकाळी पुढचं गाव. फक्त वारकऱ्याला न्याहारीचे वेगळे पैसे पडत नाहीत.

आता प्रवासाबद्दल. आपल्या देशात सगळं घड्याळावर चालतं, ही समजूत इथं फार जुनी. एसटी उशिरा आली की मास्तर लोक जर्मनीचा दाखला देतात. पोरांनी ‘डॉइचलांड-टिकीट’ काढलं होतं. मे २०२३ मध्ये ते ४९ युरोंना सुरू झालं, जानेवारी २०२५ मध्ये ५८ झालं. महिनाभर सगळ्या देशात कुठंही फिरा, पण वेगवान गाड्या सोडून. म्हणजे पॅसेंजरचा पास. अकोला-पूर्णा मार्गावर वाशीमचं स्टेशन गाठणाऱ्या पोरांना पॅसेंजरचं भय नव्हतं. पण फलाटावर उभं राहिल्यावर फलकावर उशीर झळकू लागला. चौकशी केली तेव्हा कळलं की २०२४ साली आपल्या रेल्वेच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी वेळेवर पोचल्या त्या ६२.५ टक्के, आणि सहा मिनिटांच्या आतला उशीर आपल्याकडे उशीर धरतच नाहीत. जागले साहेब, ही बातमी आपण जाहीर करू नये. इथल्या मास्तरांकडे दुसरा दाखला नाही.

असो. आलेनवरून गाडी बदलून पोरं नोर्डलिंगनला उतरली. गावाला वाटोळा तट, त्याला पाच वेशी, आणि तटावरून छपराखालून चालत जायची वाट, साधारण पावणेतीन किलोमीटर. एक फेरी पुरी झाली. मग साडेतीनशे पायऱ्या चढून पोरं आपल्या मनोऱ्यावर आली. ९० मीटर उंची. चहूकडे पाहिलं: लाल कौलं, त्यांच्यापलीकडे शेतं, त्यांच्यापलीकडे धुरकट टेकड्यांची कड.

“खड्डा कुठाय बे?”

स्टुटगार्टवाल्यानं हात गोल फिरवला. “हाच. आपण खड्ड्यातच उभे आहो.”

एवढ्यासाठी विमानाचं तिकीट, विमा, सातबारा आणि साडेतीनशे पायऱ्या!

फसवणूक इथूनच सुरू होते. आपलं हे ‘रीस’ विवर सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी एक अशनी आदळून झालं. रुंदी २४ किलोमीटरच्या आसपास. एवढं मोठं की त्यात उभं राहिलं तर ते दिसत नाही. शतकानुशतकं आपल्याच लोकांना ते कळलं नव्हतं. जाणत्यांनी तो ज्वालामुखी ठरवून टाकला होता. मग १९६० मध्ये यूजीन शूमेकर नावाचे अमेरिकी भूवैज्ञानिक आले. जबर दाबाखालीच तयार होणारं कोएसाइट हे खनिज त्यांना आणि त्यांचे सहकारी एडवर्ड चाओ यांना इथल्या दगडात सापडलं, आणि आकाशातून काही तरी पडलं होतं हे पक्कं झालं. तोच दगड, सुएव्हाइट, आपल्या चर्चच्या भिंतींत रचलेला आहे. त्यात डोळ्यांना न दिसणारे बारीक हिरे आहेत, तेही त्याच धडकेत झालेले. म्हणजे गाव खड्ड्यात, देऊळ हिऱ्यांचं, आणि दोन्ही गोष्टी दिसत नाहीत.

न दिसणाऱ्या वस्तूवर आपण जो काही थाट उभा केला आहे, त्याला मात्र तोड नाही. १५०३ सालच्या एका जुन्या कोठारात १९९० मध्ये विवराचं संग्रहालय काढलंत. तिथं ‘अपोलो १६’नं आणलेला चंद्राचा दगड काचेत ठेवलात. ऑगस्ट १९७० मध्ये ॲलन शेपर्ड, एडगर मिचेल, जीन सर्नन आणि जो एंगल हे अंतराळवीर चंद्रावरचे दगड कसे ओळखावेत ते शिकायला आपल्या खाणींतून हिंडले, ही गोष्ट येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलीत. २०२२ मध्ये सगळ्या मुलखाला युनेस्कोचा जागतिक भूउद्यानाचा दर्जा मिळवलात. दगडापर्यंत ठीक होतं. आपण डुकरिणीलाही सोडलं नाहीत. १४४० साली फितूर पहारेकऱ्यांनी वेस उघडी ठेवली होती, एक डुकरीण दाराला अंग घासायला गेली, दार हललं, ते एका बाईनं पाहिलं आणि गाव वाचलं. या दंतकथेपायी आज गावभर रंगीत डुकरं उभी आहेत, आणि आपण स्वतः रात्री दहापासून बारापर्यंत दर अर्ध्या तासाला मनोऱ्यावरून ‘सो, ग्सेल, सो’ अशी हाळी देता. पोरं त्या हाळीसाठी थंडीत रात्री अकरापर्यंत चौकात थांबली होती. गावात ही पोरं कोतवालाची दवंडी ऐकून घेत नाहीत.

तर पाराची तक्रार ही. केनवडहून मोटारसायकलवर तास-दीड तासात लोणार येतं. तिथला खड्डा जवळजवळ १.८ किलोमीटर रुंद आहे. काठावर उभं राहिलं की एका नजरेत सगळा मावतो. वाटोळा, खोल, मध्ये खारं पाणी. शोधायला शूमेकर लागत नाही, म्हातारीलाही दिसतो. सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्यानं १८२३ मध्ये त्याची नोंद केली, आणि त्याआधी ‘ऐन-ए-अकबरी’तही तो आलेला आहे. लवणासुर जमिनीखाली दडून बसला होता, विष्णूनं पायाच्या अंगठ्यानं वरचं झाकण उडवलं आणि त्याला मारलं, ही कथा तर लोणारच्या दैत्यसूदनाच्या देवळाइतकी जुनी. वरून काही तरी आलं आणि भलामोठा दगड उडाला, हे कीर्तनकाराला ठाऊक होतं. भूवैज्ञानिकांनी पुराव्यानिशी ते १९७३ मध्ये कबूल केलं. वय मात्र अजून ठरत नाही. एका पद्धतीनं ५२ हजार वर्षं, तर २०११च्या मोजणीनं ५ लाख ७० हजार. आमच्या तहसिलीतल्या जन्मनोंदीसुद्धा इतक्या मागंपुढं होत नाहीत.

आणि खरी मेख पुढंच आहे. लोणारचं विवर काळ्या बेसाल्टच्या खडकात पडलेलं आहे, आणि चंद्रावरचे ते काळे डाग म्हणजे बेसाल्टचीच मैदानं. म्हणून चंद्रावरची, मंगळावरची विवरं समजून घ्यायची असली की जगभरचे अभ्यासक लोणारचे खडक तपासतात. म्हणजे चंद्राच्या तोंडवळ्याचा दगड इथं, आणि चंद्रावर जायची तालीम आपल्याकडे! १९७० मध्ये शेपर्डसाहेब मेहकरच्या स्टँडवर उतरले असते तर पारावरच्या तीन पिढ्यांना बोलायला विषय मिळाला असता. आपण तो पळवलात.

या चौघांनी लोणार कधी पाहिलं, असं पारानं खोदून विचारलं. सगळ्यांनी पाहिलं होतं: सातवीच्या सहलीत. गाडीतून उतरवलं, डोकी मोजली, काठावरून “हे बघा” म्हणाले, झऱ्याच्या धारेवर पाय धुतले, दैत्यसूदनाला हात जोडले, पुन्हा डोकी मोजली. एकानंही खाली उतरून पाण्याला वळसा घातलेला नाही. त्यातला एक नोर्डलिंगनच्या तटावर मात्र दोनदा फिरला. दुसऱ्यांदा मोबाईलमध्ये चार्जिंग करून.

सरकारनं काहीच केलं नाही, असं मात्र आपण समजू नये. लोणार २००० पासून अभयारण्य आहे. जून २०२० मध्ये पाणी एकाएकी गुलाबी झालं. खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळं ते झालं होतं, पण लॉकडाऊनमध्ये घरी बसलेल्या देशानं लोणार नावाचं काही आहे हे त्यानिमित्तानं पाहिलं. त्याच वर्षी पाणथळ जागांच्या रामसर यादीत नाव लागलं. सांडपाणी, झाडोरा, अतिक्रमण यांचा हिशेब उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढं वर्षानुवर्षं मांडला जातो आहे. आराखडे होतात, समित्या होतात, फलक लागतात. फलकावर खड्ड्यापेक्षा उद्घाटकाचं नाव ठळक असतं. रात्री हाळी देणारा कुणी नाही, आणि गाव वाचवणाऱ्या जनावराचा पुतळा करायचा ठरलाच तर आधी ते जनावर कोणत्या पक्षाचं, यावर बैठक होईल.

सबब पाराची आपणास विनंती अशी. आपण रजा काढून एकदा इकडं यावं. नागपूरवरून समृद्धी महामार्गानं आलात तर वेळ कमी लागेल. हा ७०१ किलोमीटरचा रस्ता जून २०२५ पासून पुरा उघडला आहे. रिसोडहून लोणारची एसटी मिळते, तिचं वेळापत्रक आपल्या रेल्वेशी मिळतंजुळतं आहे, त्यामुळं परकं वाटणार नाही. एक रात्र काठावर उभं राहून आपण हाळी द्यावी. अभयारण्य असल्यामुळं वनखात्याची परवानगी लागेल; अर्ज पार लिहून देईल, टपाल-तिकीट आपलं. हाळी ऐकायला ही चार पोरं नक्की येतील, कारण हाळी जर्मनीची असेल. त्यांना तेवढं खाली उतरवून पाण्याभोवती एक फेरी मारायला लावावी. पारावरच्या कुणी सांगितलं तर ती ऐकत नाहीत.

पोरं परत आली त्या संध्याकाळी झालेलं बोलणं पुराव्यादाखल सोबत जोडत आहोत.

“काय पायलं तिकडं?”

“खड्डा.”

“दिसला काय?”

“नाई.”

“मंग?”

“पण काका, त्यायनं सांगितला लय भारी.”

कळावे, लोभ आहे तो वाढवावा.

आपला,
पार, केनवड

ता. क. – येताना पाण्याच्या रिकाम्या बाटल्या जपून आणू नयेत. आपल्याकडे दुकानातल्या यंत्रात बाटली टाकली की पंचवीस सेंट परत मिळतात म्हणे. पोरांनी दोन वेळचा ब्रेड त्यावर काढला. इथं त्या भंगारवाला किलोवर घेतो, तेही शनिवारी, आणि वजनकाटा त्याचाच असतो.