कॅशे साफ केली का?

त्याला कुणी काहीही सांगा, त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: "कॅशे साफ केली का?" म्हणजे ब्राउझरनं साठवून ठेवलेली पानाची जुनी प्रत पुसली का? पोर्टल उघडत नाही? कॅशे साफ केली का? पीकविम्याचा अर्ज पुढे सरकत नाही? कॅशे साफ केली का? एकदा आजीनं गुडघा धरल्याची तक्रार केली, तर कानातला हेडफोन न काढता याच्या तोंडून तेच निघालं. आजी म्हणाली, "मेडिकलवर भेटते काय रे बाबू थे?"

हा प्राणी आता वऱ्हाडात तालुक्यागणिक सापडतो. आमच्या पिंपळगाव राजाचा नमुना घ्या. शेगावच्या गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी, मग हिंजवडीत तिघांत एक खोली, मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागल्यावर बॅग घेऊन घरी. पुढे कंपनीनं परत बोलावलं तेव्हा यानं वडिलांचं बीपी पुढे केलं. कापूस नेण्यासाठी जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा आला १८७० साली. त्यानंतर बरोबर दीडशे वर्षांनी आमच्या तालुक्यात माल उलट्या दिशेनं यायला लागला, तो असा.

तो फ्रंटएंड डेव्हलपर आहे. म्हणजे संकेतस्थळाचा जो भाग आपल्याला दिसतो आणि दाबता येतो, तो हा तयार करतो आणि बिघडला की दुरुस्त करतो. गावानं याचं सुटसुटीत भाषांतर केलंय: "थो बटनं बनवते." एवढा पगार नुसत्या बटनांचा, यावर पारावर अजून कुणाचा विश्वास नाही. काहींच्या मते आत आणखी काहीतरी असणार आणि पोरगा सांगत नाही.

रोज सकाळी साडेदहाला माडीवरच्या खोलीत मीटिंग असते. वर इस्त्रीचा शर्ट, खाली बर्मुडा, मागे भिंतीवर मुद्दाम लावलेला पांढरा पडदा. एकदा वडील सोयाबीनची पोती मोजत खाली बसले होते आणि वरून त्याचा आवाज आला: "चाइल्डमध्ये काहीच चूक नाही. प्रॉब्लेम पॅरेंटचाच आहे. पॅरेंट बदलावा लागेल." वडिलांनी पोती मोजायचं थांबवलं. दिवसभर कुणाशी बोलले नाहीत. रात्री जेवताना यानं समजावलं, की पडद्यावरच्या चौकटी एकमेकींच्या पोटात असतात, बाहेरची ती पॅरेंट, आतली ती चाइल्ड. सूचनेची खिडकी काळ्या पडद्याच्या मागे दडत होती. पुण्याच्या पोरानं तिला वर आणायला ९९९ लिहिलं, हैदराबादच्यानं ९९९९, तिसऱ्यानं तर २१४७४८३६४७, जो या कामी चालणारा सगळ्यांत मोठा आकडा. तरी खिडकी मागेच. कारण बाहेरची चौकटच खालच्या थरात होती, मग आतलीनं कितीही मोठा आकडा लावला तरी ती बाहेरचीला सोडून वर येत नाही. वडिलांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे दोष बापाचाच निंगाला ना?"

त्याची नजर बिघडलीय, हे मात्र खरं. लग्नपत्रिका हातात घेतली की वधू-वरांची नावं वाचण्याआधी डावा समास पाहतो. चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्ससमोर उभा राहून म्हणतो, "मधला फोटो चार पिक्सेल सरकलाय." मधला फोटो ज्यांचा असतो, त्यांच्या कार्यकर्त्यांना हे ऐकू जाणं आरोग्याला बरं नव्हे. शेगावच्या मंदिरातल्या दर्शनरांगेला तेवढे त्यानं पूर्ण गुण दिले: कुठं वळायचं ते विचारावं लागत नाही, म्हणाला.

कंपनीचं काम संध्याकाळी संपतं आणि गावाचं सुरू होतं. सेवा केंद्रावर अडलेला प्रत्येक अर्ज अखेर त्याच्या माडीवर येतो. लोक मॉनिटरचा फोटो मोबाइलवर काढून आणतात, आणि त्या फोटोत काय चुकलं ते सांगणाऱ्या ओळीवर नेमका अंगठा असतो. मग जबानी सुरू होते.

"काय दाबलं होतं काका?"

"म्या काईच नाई दाबलं. आपोआपच झालं."

"काहीतरी दाबलं असेल ना?"

"दाबलं ना, पन थे नाई दाबलं."

इथं पुण्यातला डेव्हलपर हार मानतो आणि लिहितो, 'माझ्याकडे चालतंय, तिकीट बंद.' यालाही आधी तीच सवय होती. पण पुण्यातलं तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, बंद करता येतं. इथला काका जिन्यावर बसून राहतो, वरून आई त्याला चहा देते. त्यामुळे याला दोष शोधणं भाग पडलं, आणि शोधताना हळूहळू त्याच्या लक्षात आलं की काका जे सांगतात ते बहुधा अक्षरशः खरं असतं. त्यांनी खरंच काही केलेलं नसतं. बटन दाबल्यावर पडद्यावर काही हललं नाही, म्हणून पुन्हा दाबलं, आणि अर्ज दोनदा गेला. पहिल्या दाबाबरोबर बटन झोपवून ठेवायचं काम ते बनवणाऱ्याचं असतं, काकांचं नव्हे.

जन्मतारखेचं प्रकरण तर दर जूनमध्ये होतं. आमच्याकडच्या जुन्या पिढीत ज्याला आपली तारीख ठाऊक नाही, त्याला शाळेतल्या मास्तरांनी १ जून बहाल केली, त्यामुळे त्या दिवशी अर्धं गाव वाढदिवसाचं असतं. एक आजोबा १ जून १९४८ चे. एका अर्जातलं कॅलेंडर उघडलं ते चालू महिन्यावर, जून २०२४ वर, आणि मागे जायला बाण एकच, एका दाबाला एक महिना. म्हणजे ९१२ वेळा. आजोबांचा नातू नेटानं दाबत १९९७ पर्यंत पोचला होता, तेवढ्यात पान कालबाह्य झालं. वर दिसणाऱ्या वर्षावर बोट ठेवलं की वर्षांची यादी उघडते, हे गुपित फक्त आमच्या हिरोला माहीत. ते बटन आहे असं कुठूनही दिसत नव्हतं, हेही त्यानंच कबूल केलं.

मराठीचे घोटाळे वेगळेच. पडदा आखणारे ओळीची उंची इंग्रजी अक्षराला मोजून ठेवतात, आणि आपल्या अक्षरांना वर वेलांटी, रफार, खाली उकार. चौकट आखूड पडली की उकार कापला जातो आणि 'पुढे जा'चं 'पढे जा' होतं. हिंदी सिनेमे पाहिलेले एक मामा त्या पानावर वीस मिनिटं एकेक ओळ वाचत बसले होते. ओळीची उंची दीडपट केली की प्रश्न मिटतो, पण ती करायला आधी कुणीतरी मराठीत पान उघडून पाहावं लागतं.

त्याहून अवघड 'ऱ्'. शेतकऱ्यांची यादी एका ठिकाणी होती, डोळ्यांना दिसत होती, आणि शोधचौकटीत 'शेतकऱ्यांची' लिहिलं की उत्तर यायचं: काही आढळले नाही. त्याची दोन रात्री झोप गेली. कारण असं, की हे अक्षर टंकण्याच्या दोन रीती आहेत. एकीत खाली ठिपका असलेला 'ऱ' वापरतात, दुसरीत साधा 'र' आणि त्यामागे एक अदृश्य जोडखूण. पडद्यावर दोन्ही हुबेहूब एकसारखे, संगणकाला मात्र दोन वेगळे शब्द. युनिकोडनं ठरवून दिलेल्या एकसारखेपणाच्या नियमांतही ते एक होत नाहीत, ते काम हातानंच करावं लागतं. आणि एखाद्या अतिशहाण्या प्रोग्रामनं ती अदृश्य खूण कचरा समजून झाडून टाकली, तर 'वऱ्हाड'चं 'वर्हाड' होतं. हा शोध लागला त्या रात्री दीड वाजता तो गच्चीवर येऊन ओरडला. शेजारच्यांना वाटलं, वानरं आली तुरीत.

पण गावात त्याची पंचाईत झाली ती एका यादीमुळे. बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेड राजा आहे, देऊळगाव राजा आहे आणि आम्ही, पिंपळगाव राजा. शिवाय नुसती पिंपळगावं मोजायची तर जळगाव जामोदकडे पिंपळगाव काळे, मोताळ्याकडे पिंपळगाव देवी. एका अर्जात गाव निवडायची यादी इतकी अरुंद होती की 'पिंपळगाव' नंतर तीन टिंबं यायची. राजा, काळे, देवी, सगळे टिंबांत गडप. लोक अंदाजानं एक निवडायचे. कुणाचा अर्ज काळ्यांकडे गेला, कुणाचा देवीला. एक कुरिअर तर इंग्रजीतला 'राजा' पाहून थेट देऊळगावला जाऊन बसलं. यानं त्या यादीवर माउसचा बाण नेऊन थांबवला की पूर्ण नाव दिसतं हे शोधलं, पण ते संगणकावर. मोबाइलवर बोट टेकवलं की तेच निवडलं जातं. अखेर त्यानं सेवा केंद्राच्या भिंतीवर कागद चिकटवला: 'वरून दुसरं पिंपळगाव आपलं.' मग यादीची क्रमवारी बदलली आणि त्या कागदावर विसंबलेले सगळे देवीला गेले. या काळात त्यानं फार बाहेर न पडणं पसंत केलं.

१५ ऑगस्ट २०२१ ला राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि मोबाइल बांधावर गेला. तेव्हा वडिलांसोबत तोही शेतात गेला, आणि स्वतः कंपनीसाठी केलेलं एक पान सहज उन्हात उघडून पाहिलं. पांढऱ्यावर फिकी राखाडी अक्षरं, फार नाजूक, डिझायनरनं खास निवडलेली. उन्हात पान कोरं दिसलं. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडात निदान साडेचारास एक एवढं अंतर असावं, असा जागतिक नियम आहे. त्यानं तो पाठही केलेला होता, एसीत बसून. सोमवारच्या मीटिंगमध्ये त्यानं रंग गडद करायचा आग्रह धरला. त्याला सांगण्यात आलं की उन्हात उभं राहून पान वाचणारा माणूस ही 'एज केस' आहे, काठावरचा क्वचित प्रसंग. त्यानं खिडकीबाहेर पाहिलं. आठवडी बाजार भरला होता. जेवढी माणसं दिसत होती तेवढे सगळे क्वचित प्रसंग.

आता शेटजींच्या कृषी केंद्राचं सांगतो, कारण त्याची खरी परीक्षा तिथं झाली. शेटजींकडे बिलाचा जुना प्रोग्राम होता, व्हिज्युअल बेसिक सहामध्ये केलेला. ती भाषा १९९८ ची, मायक्रोसॉफ्टनं तिची देखभाल २००८ मध्ये थांबवली, शेटजींनी थांबवली नाही. प्रोग्रामची खिडकी आठशे बाय सहाशे ठिपक्यांच्या पडद्यासाठी आखलेली. नवीन लॅपटॉपवर अक्षरं बारीक दिसतात म्हणून शेटजींनी सगळं सव्वापट करून घेतलं. सहाशेची खिडकी साडेसातशेची झाली, पडदा ७६८ चा, त्यातली तळाची पट्टी विंडोजची. 'सेव्ह'चं बटन त्या पट्टीखाली गेलं ते गेलंच. सव्वापट काढलं की बटन दिसतं, पण मग शेटजींना युरियाचा भाव दिसत नाही.

शिवाय महिन्याचा साठा काढायला लावला की खिडकी पांढरी पडायची आणि माथ्यावर 'प्रतिसाद देत नाही'. यानं शेटजींना समजावलं: पंगतीत वाढणाऱ्यालाच भट्टीवर पुऱ्या तळायला बसवलं तर पंगत ताटं घेऊन बसून राहते, तसं जो पडदा रंगवतो त्यालाच तुम्ही हिशेबाला लावलंय. शेटजी म्हणाले, "मंग दुसरा मानूस ठेव ना. पैसे देतो."

त्यानं दुसरा माणूस ठेवला. म्हणजे सगळंच नव्यानं, ब्राउझरमध्ये चालणारं लिहिलं. मराठी अक्षरं, पूर्ण उकार, गडद रंग, दुबार दाबलं तरी एकच बिल, साठ्याचा हिशेब मागच्या मागे. 'जतन करा'चं बटन हिरवं, भलंमोठं, पडद्याच्या मधोमध. त्यानं आयुष्यात केलेला हा सगळ्यांत चांगला पडदा होता, असं तो म्हणतो, आणि मला ते पटतं.

पहिल्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक आलं. शेटजींनी माल लिहिला, मग पडद्याकडे न पाहता, गिऱ्हाइकाशी पावसाचं बोलत, कीबोर्डवर बोटं चालवली. बिल नाहीसं झालं. दुसरं गिऱ्हाईक, पुन्हा तेच.

"तुहं नवं खराब हाये."

"शेटजी, कॅशे..." एवढं म्हणून तो थांबला, कारण कॅशे नव्हतीच, पान त्याच सकाळी चढवलेलं होतं. मग त्यानं प्रथमच पडदा सोडून शेटजींच्या हाताकडे पाहिलं. एक, दोन, तीन... सात टॅब आणि एंटर. जुन्या प्रोग्रामचं बटन पट्टीखाली गेलं तेव्हापासून शेटजी असंच सेव्ह करत होते. नव्या पडद्यावर 'जतन करा' चौथ्या टॅबवर होतं आणि सातव्यावर 'रद्द करा'.

"शेटजी, समोर मोठं हिरवं बटन आहे की. माउसनं दाबा."

"बटनाकडं पाहू का गिऱ्हाइकाकडं पाहू?"

यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं. जागतिक नियमांतही ते नाही. त्यानं लॅपटॉप घरी आणला, रात्री जेवण झाल्यावर 'जतन करा'च्या आधी तीन चौकटी घातल्या. त्या दिसत नाहीत, त्यांत काही लिहिता येत नाही, टॅब मात्र प्रत्येकीवर एकदा थांबतो. पुण्यात कुणी असं केलं असतं तर त्याचं काम तपासणीतूनच परत आलं असतं. सकाळपासून बिलं बिनबोभाट निघताहेत. कोडमध्ये त्या तीन ओळींवर त्यानं टीप लिहून ठेवलीय: 'काढू नये. शेटजी मोजतात.'