बंब मोडीत घालायचा का?

"काय हो काकू, आज बंबाचा धूर नाही दिसला. आंघोळीला सुट्टी का काय?"

"सुट्टी कसली! पलीकडचा ऊस तुटला ना, तेव्हापासून बिबट्या उघड्यावर आलाय. हे म्हणतात, उजाडल्याशिवाय मागल्या दारी जायचं नाही. आणि दूध तर अंधारातच डेअरीवर घालायचं असतं. आंघोळ कधी उरकायची?"

"रॉड आणा की. स्वस्त पडतो."

"आणायला स्वस्त गं! धाकट्यानं हिशेब मांडला. पंधराशे वॅटचा रॉड वीस मिनिटं ठेवला की अर्धा युनिट. दोन हजाराचा गीझर पाव तास, तोही अर्धाच. पाणी तेवढंच, मग वीज कमी कशी लागंल? पाच माणसांच्या पाच बादल्या, म्हणजे महिन्याला ७५ युनिट. त्यात बिल शंभर युनिटांच्या पुढं गेलं की वरच्या युनिटांचा दर चढतो. शिवाय रॉड चालू असताना एखाद्या पोरानं बादलीत हात घातला तर?"

"मग गॅसचा गीझर?"

"न्हाणीत नको बाई. एवढीशी खिडकी, तीही थंडीची आपण लावूनच घेतो. गॅस जळताना जो विषारी वायू निघतो त्याला वास नसतो, आतलं माणूस पडलं तरी बाहेर पत्ता लागत नाही."

"नारायणगावच्या आमच्या वन्संनी सोलर बसवलाय. खूश आहेत. थंडीत आपल्याकडं आभाळ लख्ख, आणि गरम पाणी लागतं तेव्हाच. दुपारी तापलेलं पाणी पहाटेपर्यंत टाकीत गरम राहतं."

"नळ्या काचेच्या का तांब्याच्या?"

"काचेच्या. बोअरचं पाणी जड, तांब्याच्या बारीक नळीत क्षार धरतो. काचेच्या काढून धुता येतात."

"हां, हे बरं सांगितलंस. पण माझी बहीण तळेघरला दिलीय. तिथं पावसाळ्यात चार-चार दिवस सूर्य दिसत नाही, वर वानरं पत्र्यावर नाचतात. तिला काय उपयोग? तिची चूलच बरी."

"म्हणजे तुम्ही सोलर घेणार, नि बंब मोडीत?"

"मोडीत? सासूबाईंच्या हातचा तांब्याचा बंब आहे तो! मधल्या नळकांड्यात जाळ, भोवती सगळं पाणी, आच कुठं वाया जात नाही. आणि जळण काय विकत आणायचं? बागेच्या छाटणीच्या काड्या, तुराट्या, मक्याची बुरकुंडं. पाहुणे आले, आभाळ धरलं, तर तोच धावून येतो. आता पडवीत आणायचा, जाळीच्या आत. धूर डोळ्यात जाईल, पण बिबट्यापेक्षा धूर परवडला."

"खरंय बाई."

"तू एक कर, वन्संना विचार, दुकानदारानं किती सोडले. आणि काच फुटली तर बदलून कोण देतं, तेही विचार. पैसे दिल्यावर हे लोक फोन उचलत नाहीत."