टाटांच्या कपाटात काय आहे?

"काय गं, तुझी भाची टाटांकडे नोकरीला लागली म्हणे?"

लोणावळ्याच्या तुंगार्लीत पाऊस घटकाभर उघडला की माई कुंपणाशी येतात, आणि येतात त्या बातमी अर्धी ठरवूनच.

"नोकरी नाही हो माई, अभ्यास करतेय. पुण्याला मंगळदास रोडवर टाटा सेंट्रल अर्काइव्हज आहे. टाटांची पत्रं, कंपन्यांची आणि ट्रस्टांची जुनी दप्तरं तिथे जपून ठेवलीत. ही जाऊन वाचत बसते."

"दुसऱ्यांची पत्रं वाचायची, आणि त्याला अभ्यास म्हणायचं! मला हे आधी कुणी सांगितलं नाही. बरं, काय निघालं?"

आता काय निघालं म्हणजे, माईंना हवं ते आधी सांगावं लागतं. जमशेटजींचे दोन मुलगे, थोरले दोराबजी आणि धाकटे रतनजी. दोघांनाही मूलबाळ नाही.

"थांब. रतन टाटा म्हणजे परवा, 2024 साली गेले ते?"

"ते नव्हेत. हे सर रतन टाटा 1918 सालीच गेले. त्यांच्या पत्नी नवाजबाईंनी पुढे नवल नावाचा मुलगा दत्तक घेतला. आपले रतन टाटा त्या नवलचे चिरंजीव."

"म्हणजे नातू. दत्तक, पण नातू." माईंनी वंशावळ मनात नीट लावून घेतली, मगच मला पुढे जाऊ दिलं.

धाकट्या रतनजींच्या इच्छापत्रातून 1919 साली ट्रस्ट उभा राहिला. पण हात सैल होता तो आधीपासूनच. पाटलीपुत्राच्या उत्खननाला पंचाहत्तर हजार त्यांनी दिले. गोखल्यांच्या भारत सेवक समाजाला दरसाल मदत जायची. लंडनमध्ये गरिबीचा अभ्यास व्हावा म्हणून 1912 पासून तिथल्या स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला वर्षाला चौदाशे पौंड दिले.

"लंडनच्या गरिबांसाठी? आपल्याकडचे काय संपले होते?"

"अभ्यासासाठी हो. आणि गांधीजींच्या दक्षिण आफ्रिकेतल्या लढ्याला एकूण सव्वा लाख दिले."

सव्वा लाख, तेही त्या काळातले! माई गप्पच झाल्या; हे क्वचित घडतं. पण मला त्या रकमेहून पुढची गोष्ट जास्त आवडते. 1912 च्या एप्रिलमध्ये गांधीजींनी रतनजींना जाहीर पत्र लिहून पैसा कुठे गेला याचा हिशेब दिला. देणाऱ्याने मागितला की नाही, ते राहू दे, घेणाऱ्याने दिला. हल्ली मदत घेतलेली माणसं पावती द्यायलासुद्धा तोंड वाकडं करतात.

"आणि थोरले?"

थोरल्यांची गोष्ट म्हणजे हिऱ्याची गोष्ट. दोराबजींनी पत्नी मेहेरबाईंसाठी ज्युबिली नावाचा हिरा घेतला होता, दोनशे पंचेचाळीस कॅरटचा, कोहिनूरहून मोठा. 1924 मध्ये जमशेदपूरचा पोलाद कारखाना अडचणीत आला, पगाराचे वांधे झाले, तेव्हा त्यांनी स्वतःची मालमत्ता बँकेकडे तारण टाकली. त्यात हा हिराही होता.

"तिला विचारलं होतं का?"

असा प्रश्न इतिहासाच्या पुस्तकात येत नाही, म्हणून माई मला हव्या असतात. मेहेरबाई 1931 मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. पुढच्या वर्षी दोराबजींनी त्यांच्या नावे त्याच रोगाच्या संशोधनासाठी ट्रस्ट केला आणि आपलं उरलंसुरलं सगळं दुसऱ्या ट्रस्टात घातलं. काही महिन्यांतच तेही गेले. नंतर हिरा विकला गेला आणि पैसा धर्मादायाला लागला. परळचं टाटा हॉस्पिटल 1941 सालचं, तेही दोराबजींच्या त्या दुसऱ्या ट्रस्टानेच उभारलं.

"आमच्या जाऊबाईंना तिथेच नेलं होतं," माई म्हणाल्या. मग एकदम, "पण हा सगळा पैसा आला कुठून?"

मी हात वळवणच्या दिशेला केला. थोडा तरी इथून! 1911 साली गव्हर्नर क्लार्कसाहेबांनी इथे येऊन टाटांच्या वीज कंपनीच्या कामाची कोनशिला बसवली. लोणावळा, वळवण आणि शिरवता ही तीन तळी झाली, पाणी घाटाखाली खोपोलीला सोडलं आणि 1915 पासून मुंबईला वीज गेली. ती कंपनी आज टाटा पॉवरमध्ये आहे. टाटा पॉवरमधला सर्वांत मोठा वाटा टाटा सन्सचा, आणि टाटा सन्सच्या शंभरातले सुमारे सहासष्ट भाग या धर्मादाय ट्रस्टांकडे.

"म्हणजे आपल्या डोक्यावर पडलेला पाऊस परळला औषध होऊन जातो."

"असंच काहीसं."

"मग मुळशीचं काय? तेही त्याच कपाटात आहे का?"

मला वाटलंच होतं. टाटांच्या मुळशी धरणात मावळ्यांच्या जमिनी पाण्याखाली जाणार म्हणून 1921 मध्ये सत्याग्रह झाला. पांडुरंग महादेव बापट सेनापती झाले ते याच लढ्यात. धरण झालंच, पाणी भिऱ्याला गेलं. दात्याच्या दप्तरात दात्याची बाजू ठसठशीत असणार, यात नवल नाही. दप्तर त्यानेच बांधलेलं असतं. समोरची बाजू वाचायची तर त्या लढ्यातल्या विनायकराव भुस्कुट्यांचं पुस्तक उघडावं लागतं. भाचीला मी तेच सांगितलं, दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेव. दोराबजींचा हिराही खरा आणि बुडालेली खाचरंही खरी.

"आणि गरिबांनी दिलेल्या पैशाचं दप्तर कोण ठेवतं गं?"

याला उत्तर आपल्या मावळातच आहे. अंताजी दामोदर काळ्यांनी माणशी एकेक पैसा गोळा करून फंड उभा केला, टिळकांनी पाठबळ दिलं आणि 1908 मध्ये तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना निघाला. एका शेठचं इच्छापत्र कपाटात मावतं. पण पैसा पैसा देणाऱ्या हजारोंना मंगळदास रोडवर इमारत कोण बांधून देणार?

"आमच्या देवळाचाही ट्रस्टच आहे," माई म्हणाल्या. "आमचे हे विश्वस्त. धर्मादाय आयुक्तांकडे नोंद आहे, हिशेब जातो, विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट. सगळं रीतसर."

"मग जुन्या सभांची वही असेल?"

"आहे की, माळ्यावर. भाचीला पाठव, दाखवते. पण त्यात वर्गणी दिलेल्यांचीच नावं आहेत हो." माईंनी इकडेतिकडे पाहून आवाज उतरवला. "न दिलेल्यांची माझ्याकडे आहेत, तोंडपाठ. तिला म्हणावं वही-पेन घेऊनच ये."