झटपटाचार्य

अमेरिकेत वीस-पंचवीस वर्षे काढलेल्या मराठी नोकरदारांत, विशेषतः न्यू जर्सीतील एडिसन आणि त्याच्या आसपासच्या गावांत, एक पोटजात आढळते. तिला सोयीसाठी 'झटपटाचार्य' म्हणता येईल. शनिवारी दुपारी, घरातले सगळे भुकेने कासावीस होण्याच्या बेतात असताना, "कुणी काही करू नका, पाच मिनिटांत ट्यूना मेल्ट करतो," अशी घोषणा करणे हे या जातीचे प्रमुख लक्षण होय. ट्यूना मेल्ट म्हणजे पावाच्या एकाच स्लाइसवर मेयोनेझमध्ये कालवलेला डब्यातला ट्यूना पसरून, त्यावर चीज घालून, ते वितळेपर्यंत भाजलेला पदार्थ; वरची स्लाइस नसल्यामुळे त्याला 'ओपन फेस', म्हणजे उघड्या तोंडाचे सँडविच म्हणतात, पण प्रत्यक्षात तोंडे उघडी राहतात ती वाट पाहणाऱ्यांची.

पाच मिनिटांचा हा हिशेब खोटा नसतो, फक्त त्याची व्याख्या शास्त्रीय असते. ब्रॉयलर, म्हणजे ओव्हनमध्ये वरून आच देणारी सोय, चीज दोन-तीन मिनिटांत वितळवते, आणि आचार्यांच्या मते स्वयंपाक तेवढाच. डबा फोडायचे हत्यार शोधणे, ट्यूनातले पाणी मुठीत दाबून काढणे, कांदा आणि सेलरी मोहरीएवढी चिरणे, ही सगळी 'तयारी'. भांडी घासणे तर वेगळेच खाते, आणि ते त्यांच्याकडे नसते. पाव आधी भाजून घेतला नाही तर तो खालून लिबलिबीत होतो, हा त्यांचा आग्रह मात्र रास्त आहे, हे मान्य केले पाहिजे.

मूळ गाव मालवणाकडचे असल्यास प्रकरण अधिक लांबते. ज्याच्या आजीने कल्ले उचलून पाहिल्याशिवाय कधी मासा घेतला नाही, तो नातू आता त्याच तन्मयतेने डब्याचे लेबल वाचतो, आणि अमेरिकेत 'व्हाइट' ही पदवी फक्त अल्बाकोर जातीच्या ट्यूनाला मिळते, 'लाइट' ट्यूनापेक्षा त्यात पारा जास्त असतो, हे उपाशी मुलांना समजावतो. मग इतिहास येतो: 1903 साली कॅलिफोर्नियात सार्डिन, म्हणजे आपल्या तारलीचे भाईबंद, पुरेसे मिळेनात, म्हणून सॅन पेड्रोच्या एका कारखान्याने ट्यूना डब्यात भरून पाहिला. आजीच्या भाषेत हा ट्यूना म्हणजे कुपा, हे सांगायला मात्र ते विसरतात.

चीजच्या बाबतीत ज्ञान आणि आचरण यांची फारकत होते. प्रोसेस्ड चीजमधले क्षार प्रथिने आणि स्निग्धांश यांना एकत्र धरून ठेवतात, म्हणून ते एकसारखे वितळते, तर जुने मुरलेले चेडर तापले की तेल सोडते, हे आचार्य स्वतःच सांगतात, चेडरच वापरतात, आणि वर आलेल्या तेलाला कौतुकाने 'तवंग' म्हणतात.

हे विवेचन चालू असतानाच छतावरचा धुराचा भोंगा वाजू लागतो. एक मुलगा सवयीने खिडकी उघडतो, दुसरा टॉवेल फडकावतो, आणि गृहिणीने घोषणा न करता लावलेल्या कुकरची तिसरी शिट्टी त्या गलक्यात कुणालाच ऐकू जात नाही. थोड्या वेळाने आचार्य वरणभातावर तुपाची धार धरतात आणि काळवंडलेले ट्यूना मेल्ट, तळलेल्या बांगड्याच्या तुकडीसारखे, तोंडी लावायला घेतात.