कापरेकर बोर्डाला येत नाहीत

नववीचा शेवटचा पेपर शनिवारी झाला आणि सोमवारी सकाळी सात वाजता आमची कन्या दहावीत जाऊन बसली. शाळेच्या हिशेबानं ती अजून नववीतच होती, निकालही लागायचा होता. पण व्हेकेशन बॅचला असल्या किरकोळ तपशिलांशी कर्तव्य नसतं. नापास झालीच असती तर दहावीचा पोर्शन झालेली नववीतली मुलगी म्हणून मिरवली असती, एवढंच.

क्लासच्या सरांची योजना साधी आहे. मे अखेर बीजगणित आणि भूमिती उरकायची. जूनच्या मध्यावर शाळा उघडली की तिथे तेच पुन्हा सुरू होतं, तेव्हा मुलं ‘हे झालंय’ म्हणून झोपा काढतात. दिवाळीपर्यंत सगळा पोर्शन खलास. मग रिव्हिजन, मग टेस्ट सिरीज, मग प्रीलिम, मग प्रीलिममध्ये चुकलेल्याची रिव्हिजन. म्हणजे समरूपतेचा धडा आधी क्लासमध्ये, मग शाळेत, मग रिव्हिजनला असा तीनदा होणार. चौथ्यांदा शिकवायला मी तयार आहे, पण अद्याप कोणी विचारलेलं नाही. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे आमच्यानंतर आठवडाभरानं उघडतात. तिथल्या क्लासवाल्यांना तो आठवडा फुकटचा मिळतो, याचं आमच्या सरांना मनापासून दुःख आहे.

मी तत्त्वतः क्लासच्या विरोधात आहे. हे आमच्या सोसायटीत सर्वांना ठाऊक आहे, कारण लिफ्टमध्ये माझ्यासोबत अडकलेल्या प्रत्येकाला मी ते सांगितलेलं आहे. ‘आम्ही नाही बुवा गेलो कधी क्लासला, तरी गणितात कधी मार खाल्ला नाही,’ हे माझं आवडतं वाक्य. आमच्या गावात क्लासच नव्हता, हे मी त्याला जोडत नाही, वाक्य लांबतं.

पण एप्रिल उजाडला की डोंबिवलीत लोक ‘कसे आहात’ असं विचारत नाहीत, ‘कुठे घातलंत’ असं विचारतात. यावर ‘कुठेच नाही’ म्हणून पाहावं. समोरचा माणूस आधी गप्प होतो, मग हळू आवाजात ‘काही मदत लागली तर सांगा’ म्हणतो. ही सहानुभूती माझ्या तत्त्वांना झेपेना. शेवटी बायकोनं निकाल लावला. ‘तुझी तत्त्वं तू तुझ्या दहावीला वापरलीस ना? आता दहावी तिची आहे.’

तरीही डेमो लेक्चरला मी खिशात शस्त्र घेऊन गेलो. जानेवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारनं कोचिंग सेंटरांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत सोळा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश देऊ नका, असं स्पष्ट म्हटलेलं आहे. दहावी व्हायच्या आधी तर नकोच. त्या बातमीचं कात्रण मी जपून ठेवलं होतं. ते सरांपुढे धरलं. सरांनी ते आदरानं वाचलं, घडी घातली, परत दिलं आणि म्हणाले, ‘हे पन्नासहून जास्त विद्यार्थी असलेल्या सेंटरसाठी आहे. आमची बॅच अठ्ठेचाळीसची. हा घरगुती क्लास आहे.’ त्यांच्या मागे तीन एसी होते, भिंतभर टॉपर्सचे फोटो होते आणि बोट टेकवून हजेरी लावायचं यंत्र होतं. बॅचेस किती, हे मी विचारलं नाही. इतर पालक माझ्याकडे कौतुकानं बघत होते, असं मला वाटलं. माझ्यामुळे फी भरायची रांग खोळंबली होती, असं नंतर बायकोकडून कळलं.

त्याच डेमोत सरांनी पालकांना ‘काही शंका?’ असं विचारलं आणि मी उठून कापरेकरांचं नाव काढलं.

आता कापरेकरांवर मी बोलायला लागलो की घरातली माणसं एकेक करून आत जातात, तेव्हा वाचकांनाही ती मुभा आहे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म डहाणूचा, १९०५ सालचा. शिक्षण ठाण्याला आणि मग फर्ग्युसनमध्ये. आयुष्यभराची नोकरी देवळालीला शाळामास्तराची. मोठी पदवी नाही, विद्यापीठ नाही, पाठीशी कोणी नाही; माणूस वहीत आकड्यांशी खेळत बसायचा आणि इथले मोठे गणिती त्याकडे ‘चाललंय मास्तरांचं काहीतरी’ अशा नजरेनं बघायचे. १९७५ साली अमेरिकेतल्या मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा जगाला ते कळले. आपल्याकडे त्यानंतर कळले. अजून सगळ्यांना नाहीच.

त्यांची गंमत अशी. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं लिहा, मग चढत्या क्रमानं लिहा आणि मोठीतून लहान वजा करा. आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत तुम्ही ६१७४ वर येऊन थांबता. तिथून पुढे हलता येत नाही, कारण ७६४१ वजा १४६७ बरोबर पुन्हा ६१७४. कोणतीही संख्या घ्या. २०२५ घेतलंत तर ४९९५, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ आणि मग ६१७४. आता मौज पाहा. खुद्द कापरेकरांचं जन्मसाल घ्या, १९०५: ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, ६१७४. पूर्ण सात! मास्तर जन्मालासुद्धा शेवटच्या बाकावरच्या सालात आले. हे माझं वाक्य आहे, कुणी वापरल्यास नाव द्यावं.

आणि खरा मुद्दा अजून पुढेच आहे. १, १२१, १२३२१, १२३४३२१ अशा ज्या देखण्या संख्या असतात, त्यांच्या कुळावरही कापरेकरांनी काम केलं आणि त्यांना नाव दिलं ‘डेम्लो संख्या’. डेम्लो कोण? कोणी ग्रीक, कोणी फ्रेंच? अहो, डेम्लो हे जीआयपी रेल्वेवरचं मुंबईपासून तीस मैलांवरचं स्टेशन, म्हणजे आपली डोंबिवली! कल्पना त्यांना तिथे सुचली म्हणून नाव स्टेशनचं. जगाच्या गणितात आमच्या फलाटाचं नाव आहे आणि आम्ही मात्र मिरवणं फडके रोडच्या दिवाळी पहाटेसाठी राखून ठेवलंय. आज त्या फलाटावर सकाळी उभं राहून कुणाला संख्या सुचली, तर ती लोकल किती मिनिटं लेट आहे तेवढीच.

हे सगळं मी डेमोत बोललो. थोडक्यातच बोललो असं माझं मत आहे. सरांनी घड्याळ पाहिलं आणि अत्यंत प्रेमळपणे म्हणाले, ‘छान आहे. पण बोर्डाला येत नाही.’

चिडलो मी. ‘बोर्डाला येत नाही’ हा शेरा सरांपाशी एखाद्या सरकारी शिक्क्याप्रमाणे तयार असतो. पोरीनं काहीही विचारलं की तो कागदावर बसतो. शून्यानं भागलं तर काय होतं? बोर्डाला येत नाही. पायथागोरस खरंच होता का? बोर्डाला येत नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तीही ऐन एप्रिल-मेच्या उन्हात. ती आजतागायत चालू आहे, ती केवळ श्रोत्यांची टेस्ट कधी घेतली नाही म्हणून. हेही मी सरांना सांगणार होतो, पण तेवढ्यात पंखे बंद झाले.

मग मी घरीच आघाडी उघडली. जेवताना कन्येला ६१७४ शिकवलं. तिनं डोळे बारीक केले, पेपरात आलेल्या एका पँफ्लेटच्या पाठीवर वजाबाक्या केल्या आणि सहाव्या ओळीला ‘आईशप्पथ’ म्हणाली. त्या ‘आईशप्पथ’वर माझे पुढचे कित्येक दिवस गेले.

‘बाबा, ११११ घेतले तर?’

‘ते नाही चालत.’

‘का?’

‘नियम आहे तसा.’

‘तू पण सरांसारखंच बोलतोस,’ म्हणून ती झोपायला गेली. (११११ मधून ११११ गेले की शून्य, हे तिला समजलं होतंच. ते मला समजलंय का, हे तिला पाहायचं होतं.)

बीजगणिताच्या पुस्तकात अर्थनियोजन नावाचा धडा आहे, त्यात जीएसटी आहे, शेअर आहेत. मी बँकेत आहे, त्यामुळे तो धडा तरी माझ्याकडे येईल अशी आशा होती. कन्येनं मला इनपुट टॅक्स क्रेडिट समजावून सांगितलं. समजावलंन छान. पुन्हा एकदा सांगशील का, असं विचारायचं धाडस झालं नाही.

मे महिन्याच्या मध्यावर पहिली टेस्ट झाली आणि रात्री साडेदहाला पालकांच्या ग्रुपवर यादी आली. अठ्ठेचाळीस नावं, गुणांनुसार वरपासून खाली. वरची हिरवी, मधली पिवळी, खालची लाल. आमचं रत्न पिवळ्यात होतं, पण हिरव्याला लागून. मी आधी वरच्या नावांना किती गुण, ते पाहिलं. मग खाली सरकत गेलो आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटत गेलं. एकेक नाव खाली जात होतं, तसा मी खुर्चीत ताठ होत होतो. अगदी तळाला, गडद लाल पट्टीत, एक नाव होतं. ही मुलगी बालवाडीपासून आमच्याकडे येते. तिला आमच्या घरची आमटी आवडते, तिच्या नावाचा वेगळा स्टीलचा पेला आहे. तिचे वडीलही त्याच ग्रुपवर होते. यादीखाली कुणीतरी टाळ्यांची चित्रं टाकली, मग सगळ्यांनीच टाकली. त्यांनीसुद्धा टाकली.

ती दुसऱ्या दिवशी आली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. क्लासहून ती आता मागच्या गल्लीनं घरी जाते, असं कन्येनं सांगितलं. गुणांवरून मुलांच्या तुकड्या पाडू नका, त्यांची जाहीर अप्रतिष्ठा करू नका, असं जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कोचिंगवाल्यांना बजावलं होतं. चौदा वर्षांच्या मुलीला लाल रंगवण्याआधी ते वाचायला पाच मिनिटं कुणाला मिळू नयेत, याचा मला राग आला. यादीचं पीडीएफ वरखाली करत बसलेल्या माझ्या अंगठ्याचाही आला.

मी सरांकडे जायचं ठरवत होतो, तेवढ्यात सरांचाच फोन आला. ‘तुमच्या मुलीनं बॅचमध्ये जुगार सुरू केलाय.’

प्रकरण असं होतं. मुलं प्रत्येकाच्या मोबाइल नंबरचे शेवटचे चार आकडे घेत होती आणि ते किती वजाबाक्यांत ६१७४ ला पोचतील यावर पैज लावत होती. हरणाऱ्यानं कोपऱ्यावरच्या गाडीवरचा काला खट्टा गोळा द्यायचा. सर फळ्यावर वर्गसमीकरण सोडवत असताना मागच्या तीन बाकांवर कापरेकर चालू होते. आणि गोळ्यांवर गोळे जिंकत होती ती लाल पट्टीतली मुलगी. ती म्हणे कागदच घेत नाही, खिडकीकडे बघते आणि आकडा सांगते.

मी छाती पुढे काढून क्लासमध्ये गेलो. भाषण तयार होतं. यादीचा विषय मी आधी काढला, तो काढलाच. सर म्हणाले, ‘पॉइंट नोटेड. पुढच्या वेळी नावं नाही, फक्त रोल नंबर टाकू.’ रोल नंबर आडनावांच्या क्रमानं आहेत आणि सर्वांना पाठ आहेत. तेही मी सांगितलं. ‘मग रंग काढून टाकू,’ सर म्हणाले, आणि त्यांनी समोरच्या मुलीला तसं लिहून घ्यायला लावलं. विषय इतक्या लवकर मिटेल याची मला कल्पना नव्हती; भाषणाचा दोनतृतीयांश भाग शिल्लक होता. तो सुरू करणार, इतक्यात सर पुढे झुकून म्हणाले, ‘तुम्ही लिहिता म्हणे?’

दिवाळी अंकांत लिहिणाऱ्या माणसाला हा प्रश्न किती वर्षांनी विचारला जातो, ते ज्याचं त्याला ठाऊक. मी ‘हं, थोडंफार’ म्हणालो. ‘आमच्या नव्या पँफ्लेटसाठी पालकांचं मनोगत हवं होतं. लेखकाचं असलं तर वजन येईल. दहा हजार प्रती निघतात.’

दहा हजार! माझ्या कथासंग्रहाची पाचशेची आवृत्ती प्रकाशकाच्या माळ्यावर अजून सुखरूप आहे.

रात्री जागून मी मनोगत लिहिलं. त्यात उन्हाळा होता, कैऱ्या मी हट्टानं टाळल्या होत्या, देवळालीचे मास्तर होते, डेम्लो स्टेशन होतं, रंगीत याद्यांवर दोन मार्मिक परिच्छेद होते, आणि गोळे जिंकणाऱ्या एका मुलीचा नाव न घेता उल्लेख होता. बायकोनं वाचून ‘बरंय’ म्हटलं. ती माझ्या लेखनाला ‘बरंय’ यापलीकडे गेल्याचं स्मरणात नाही.

पँफ्लेट रविवारच्या पेपरातून घरोघर पडलं. टॉपर्सच्या फोटोंखाली एका चौकटीत मजकूर होता: ‘शिकवणं छान. पोर्शन वेळेत होतो. पाण्याची सोय आहे. – एक समाधानी पालक.’

संध्याकाळी लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरचे काका भेटले. हातात तेच पँफ्लेट. ‘वाचलंत का?’ ते म्हणाले. ‘बघा, पालक कसा समंजस असावा. नाहीतर तुम्ही, उठता बसता क्लासला शिव्या.’

‘शैली ओळखीची वाटली नाही तुम्हाला?’ मी विचारलं.

काकांनी चष्मा वर करून चौकट पुन्हा वाचली. ‘पाण्याची सोय आहे, यात कसली आलीय शैली?’ असं म्हणून ते तिसऱ्यावर उतरले.